जुना कटर, नवा कॉम्प्युटर आणि मधली वायर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या आसपास चक्कर मारली की एक तरी रेडियमचं दुकान लागतं. मोटरसायकलच्या टाकीवर नाव, जीपच्या मागच्या काचेवर गड, टेम्पोच्या फाळक्यावर आईवडिलांचा आशीर्वाद. पाटीवर ‘रेडियम’ लिहिलेलं असलं तरी दुकानात त्या मूलद्रव्याचा कणही नसतो. विनाइलच्या चिकट रोलला आणि रात्री दिव्यात चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह शीटला आपल्याकडे हे नाव पडलं ते कायमचंच. ही अक्षरं कापणारं यंत्र म्हणजे कटिंग प्लॉटर. दुकानातला शब्द ‘कटर’, नाहीतर नुसतं ‘मशीन’.

दुकान जरा जुनं असेल तर आत दोन कॉम्प्युटर दिसतात. एक डिझाइनचा, नवा, मोठ्या स्क्रीनचा. दुसरा टेबलाखाली, पिवळ्या पडलेल्या कॅबिनेटचा, आत विंडोज एक्सपी. त्याला इंटरनेट नाही, प्रिंटर नाही. पेन ड्राइव्हवरून फाइल घ्यायची आणि कटरला पाठवायची, एवढ्या एका कामासाठी तो जिवंत ठेवलेला असतो. तो ज्या सकाळी सुरू होत नाही, त्या सकाळी मालकाला कळतं की पंधरा-वीस वर्षं बिनतक्रार चाललेलं मशीन आता कशालाच जोडता येत नाही.

माझ्या ओळखीच्या एका दुकानात हे गणपतीच्या तोंडावर घडलं. मंडळांची कामं अंगावर आलेली, नव्या कॉम्प्युटरला जुन्या मशीनची वायर बसेना. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मागे वाकून पाहिलं आणि सांगितलं, “दादा, हे पोर्टच आता येत नाहीत. मशीन संपलं.” मशीन किलोच्या भावाने भंगारात गेलं. त्याचे रोलर गुळगुळीत फिरत होते, ब्लेड होल्डर नुकताच बदललेला होता. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही, आणि त्यानंतर ह्या प्रश्नाचा जमेल तितका मागोवा मी घेत आलो. जुना कटर नव्या कॉम्प्युटरला जोडण्याचे जेवढे मार्ग आज वापरात आहेत त्यांचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या मशीनला एचपी-जीएल भाषा कळते आणि ज्याला सिरियल पोर्ट आहे, ते जोडता येत नाही असं कुणी म्हणालं तर मानू नका.

आधी भाषा, कारण सगळा जीव तिच्यात आहे. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९७०च्या दशकात आपल्या पेन प्लॉटरसाठी एक साधी आज्ञावली बनवली, तीच एचपी-जीएल. आर्किटेक्टांचे नकाशे आणि इंजिनिअरांची ड्रॉइंग पेनाने काढणारी ती यंत्रं. पुढे पेनाच्या जागी सुरी आली आणि साइन बनवणाऱ्यांचा धंदा पालटला. अमेरिकेत जोसेफ गर्बर यांच्या कंपनीने १९८०च्या दशकात अक्षरं कापणारी मशीनं बाजारात आणली. हे गर्बर मूळचे व्हिएन्नाचे, नाझींच्या तावडीतून सुटून कनेक्टिकटला पोचलेले. जपानमध्ये रोलंड डीजीने ‘कॅम-वन’ ही मालिका काढली. ग्राफटेक, मिमाकी ह्या कंपन्याही उतरल्या. काही कंपन्यांच्या स्वतःच्या भाषा होत्या. ग्राफटेकची जीपी-जीएल, ह्यूस्टन इन्स्ट्रुमेंटची डीएम-पीएल. पण बाजारात चालायचं तर एचपी-जीएल समजणं भाग होतं, म्हणून बहुतेकांनी ती आपलीशी केली. नंतर चीन आणि तैवानमधून आलेल्या स्वस्त कटरांनीही तीच उचलली.

ही भाषा इतकी साधी आहे की शाळकरी पोराला तासाभरात शिकवता येईल. ‘आयएन’ म्हणजे पूर्वीचं सगळं विसरून तयार हो. ‘पीयू’ म्हणजे सुरी वर, ‘पीडी’ म्हणजे सुरी खाली. त्यापुढे दोन आकडे, आडवा आणि उभा, आणि शेवटी अर्धविराम. एक एकक म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, मिलिमीटरला ४० एककं. १० मिलिमीटरचा चौकोन कापायचा तर सुरी वर ठेवून १०००,१००० ह्या बिंदूवर जायचं, मग सुरी खाली करून १४००,१००० वर, तिथून १४००,१४०० वर, मग १०००,१४०० वर आणि परत १०००,१००० वर. झाला चौकोन. हे सगळं नोटपॅडमध्ये टाइप करता येतं. त्याला कुठला परवाना लागत नाही, कुठल्या कंपनीचा सर्व्हर चालू असावा लागत नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या मशीनला आजच्या लॅपटॉपवरून हीच चार अक्षरं पाठवली की ते आजही कापतं.

म्हणजे तुटतं काय? तर तिथपर्यंत पोचणारा रस्ता. त्या रस्त्याचे तीन तुकडे आहेत: वायर, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर. दुकानदार तिन्ही तुकडे एकत्र धरून ‘मशीन जुनं झालं’ म्हणतो आणि इथेच नुकसान होतं.

वायरीपासून सुरुवात करू. जुन्या कटरच्या पाठीवर साधारण दोन प्रकारची तोंडं असतात. एक पॅरलल, ३६ पिनांचं, जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला असायचं तसं. दुसरं सिरियल, २५ किंवा ९ पिनांचं, ज्याचं तांत्रिक नाव आरएस-२३२. १९६०च्या दशकापासूनचं हे मानक आहे. १९९८च्या आयमॅकपासून ॲपलने ही जुनी तोंडं टाकून दिली, पुढच्या दहाएक वर्षांत बाकीच्यांच्या लॅपटॉपवरूनही ती गेली आणि सगळीकडे यूएसबी आलं.

पॅरलल पोर्टवर चालणाऱ्या दुकानांना माझं सांगणं एकच, पॅरलल सोडा, सिरियल धरा. कारण असं की बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल वायर कॉम्प्युटरला ‘प्रिंटर’ म्हणून दिसते. तिच्यामुळे एलपीटी-१ नावाचं खरं पोर्ट तयार होत नाही. जुनं कटिंग सॉफ्टवेअर मात्र थेट एलपीटी-१ला हाक मारतं, आणि तिथे ओ द्यायला कुणी नसतं. ह्याला वळसे आहेत. विंडोजमध्ये ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ नावाचा प्रिंटर बसवून तो शेअर करायचा आणि नेट यूज ह्या आज्ञेने त्या शेअरला एलपीटी-१ हे नाव द्यायचं. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं पॅरलल कार्ड बसवता येतं, ते जास्त भरवशाचं. पण बऱ्याच जुन्या मशीनांना पॅरललच्या शेजारीच सिरियलचं तोंडही असतं. आजवर ते कधी वापरलं नाही, म्हणून लक्षात नसतं. मशीन ओढून मागे बघा. धूळ पुसा. २५ भोकांचं चपटं तोंड दिसलं तर अर्धी लढाई जिंकलात.

सिरियलसाठी यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर लागतो. तो काही शे रुपयांत मिळतो, पण त्याच्या आतली चिप कोणती हे बघून घ्यावा. स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीची चिप, तैवानच्या प्रोलिफिकची पीएल-२३०३, चीनची सीएच-३४०, ही तीन नावं जास्त दिसतात. प्रोलिफिकने आपल्या काही जुन्या चिपांचा आधार नव्या विंडोजमध्ये काढून घेतला. त्यामुळे काल चालणारी वायर विंडोज बदलताच डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दाखवते, आणि ही चिप २०१२ पासून बंद झाली असल्याचा मजकूर त्या वायरीच्या नावाच्या जागी येतो. एफटीडीआयच्या नकली चिपांचा बाजारात सुळसुळाट झाला तेव्हा, २०१४ साली, विंडोज अपडेटमधून गेलेल्या तिच्या ड्रायव्हरने त्या नकली चिपांची ओळखच पुसून टाकली. लोकांच्या वायरी एका रात्रीत मेल्या, बोभाटा झाला आणि कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. नकली चिप कुणाच्या गळ्यात पडली हे ग्राहकाला कळायला मार्ग नव्हता, आणि शिक्षा मात्र त्यालाच झाली. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

कन्व्हर्टर घेतला, लावला आणि मशीन गप्पच राहिलं, तर घाबरून जाऊ नये. आधी कन्व्हर्टर तपासायचा. त्याच्या ९ पिनांच्या तोंडातली २ नंबर आणि ३ नंबरची पिन कागदाच्या टाचणीने जोडायची. एक पाठवणारी, एक घेणारी. आता पुटीसारखा एखादा टर्मिनल प्रोग्राम उघडून त्यात काहीही टाइप करायचं. अक्षरं स्क्रीनवर परत उमटली तर कॉम्प्युटर, ड्रायव्हर, कन्व्हर्टर तिन्ही ठीक आहेत. दोष पुढे आहे. ह्या एका टाचणीने दोन दिवसांची धावपळ वाचते.

पुढचा घोळ पोर्टच्या नंबराचा. विंडोज प्रत्येक कन्व्हर्टरला कॉम-३, कॉम-७ असा नंबर देतं, आणि वायर दुसऱ्या यूएसबीच्या भोकात घातली की पुष्कळदा नवा नंबर देतं. जुन्या सॉफ्टवेअरांपैकी कित्येकांना कॉम-१ ते कॉम-४ एवढेच माहीत. झाडलोट करताना कुणी वायर काढून शेजारच्या भोकात लावली की सगळं ठप्प. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन हाताने कॉम-२ वगैरे नंबर ठरवून द्यायचा आणि त्या भोकाशेजारी चक्क रंगीत रेडियमची पट्टी चिकटवून ठेवायची.

त्यानंतर दोन्ही बाजूंची बोली जुळवायची. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, ही रोलंडसह अनेक मशीनांची नेहमीची मांडणी. मशीनच्या मेन्यूत किंवा मागच्या बारीक स्विचांवर ती दिसते. इथे एक आकडा चुकला तर मशीन काहीतरी अगम्य करतं किंवा एररचा दिवा लावून बसतं.

आता ज्या गोष्टीपाशी सगळ्यात जास्त लोक हरतात तिथे थांबू. मशीन जोडलं, छोटं नाव छान कापलं गेलं, ग्राहकाला फोन करून बोलावलं. मग मोठं चित्र पाठवलं आणि अर्ध्यावर सुरीने शीटच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरकी रेघ ओढली. शीट वाया. परत पाठवलं, रेघ दुसरीकडे. लोक म्हणतात, मदरबोर्ड गेला. बहुतेक वेळा तसं नसतं. हिशोब करून पाहू. ९६०० बिटांच्या वेगाने, प्रत्येक अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून, सेकंदाला ९६० अक्षरं जातात. ‘पीडी’ आणि चार-चार आकड्यांची जोडी मिळून एक बिंदू साधारण १२ अक्षरांचा. म्हणजे सेकंदाला ८० बिंदू. जुन्या मशीनची साठवण किती? एचपीच्या ७४७५ए ह्या गाजलेल्या प्लॉटरची १०२४ बाइट. ती जेमतेम एका सेकंदात भरते. सुरी वळणावळणाच्या अक्षरावरून जपून चाललेली असते, मागून बिंदूंची रांग वाढत असते, आणि भांडं भरलं की पाणी बाहेर सांडतं. सांडलेल्या आज्ञांत एखादी ‘सुरी वर’ असली की पुढची उडी सुरी खाली ठेवूनच होते. तीच ती तिरकी रेघ.

म्हणून मशीनला ‘थांब’ म्हणता यायला हवं आणि कॉम्प्युटरला ते ऐकू यायला हवं. ह्याला हँडशेक म्हणतात आणि त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत मशीन एक विशिष्ट अक्षर पाठवून थांबवतं आणि दुसरं पाठवून पुन्हा सुरू करायला सांगतं; हा एक्स-ऑन एक्स-ऑफ. दुसरीत त्यासाठी वेगळी तारच असते. पुष्कळ जुन्या प्लॉटरांत ही तार २५ पिनांच्या तोंडात २० नंबरच्या पिनेवर येते आणि ती कॉम्प्युटरच्या बाजूला ९ पिनांच्या तोंडात ८ आणि ६ नंबरला पोचावी लागते. बाजारातली तयार ‘९ ते २५’ वायर मोडेमसाठी बनवलेली असते, तिच्यात ही जुळणी नसते. तीन तारांची वायर बनवून देणारेही पुष्कळ आहेत: पाठवणारी, घेणारी, अर्थ. तिच्यावर छोटी कामं होतात आणि मोठी फसतात, त्यामुळे दोष वायरीत आहे अशी शंकाही येत नाही. मशीनच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांवर वायरीचा नकाशा असतो. तो घेऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जायचं, दोन तोंडं आणि मीटरभर शील्ड असलेली वायर घ्यायची आणि समोर बसून डाग मारून घ्यायचा. मग सॉफ्टवेअरमध्येही हार्डवेअर हँडशेक निवडायचा. तो तिथे बंद राहिला तर वायर कितीही चांगली असून उपयोग नाही. एवढं केलं की तिरक्या रेघा थांबतात. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये कधी कधी ‘थांब’ ऐकू येईपर्यंत उशीर होतो, म्हणून चिप चांगली घ्यावी असं वर म्हटलं.

आपल्याकडचा एक खास शत्रू म्हणजे अर्थिंग नसलेला प्लग. पीव्हीसीचा रोल भराभर सुटतो तेव्हा त्याच्यावर स्थिर वीज साठते. कोरड्या हवेत तर हात लावला की चटका बसतो. ही वीज जायला वाट नसेल तर ती यूएसबीतून वाट काढते, कॉम्प्युटर टुणुक आवाज करून कन्व्हर्टर विसरतो आणि काम अर्ध्यावर राहतं. तीन पिनांचा प्लग, खरोखर जमिनीत गेलेली अर्थिंगची तार, आणि यूएसबीची वायर आखूड. अंतर लांबवायचंच असेल तर ते सिरियलच्या बाजूने लांबवावं. यूएसबीची मर्यादा ५ मीटरची. सिरियल १५ मीटरपर्यंत निभावून नेते. वायर काढताना-घालताना दोन्हीकडची वीज बंद असावी.

ड्रायव्हरचं दुखणं वेगळं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर बसत नाही, १६ बिटचा प्रोग्राम चालत नाही. जुन्या मशीनच्या सीडीवर नेमकं हेच असतं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे जे इतके दिवस तिथे थांबले होते त्यांनाही हलावं लागतंय. शिवाय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आहे की इतर कंपन्यांच्या प्रिंटर ड्रायव्हरांना विंडोज अपडेटमधून मिळणारी साथ टप्प्याटप्प्याने संपवली जाईल. कटरला प्रिंटर म्हणून जोडण्याची वाट पुढे अरुंदच होत जाणार. सिरियलच्या वाटेला मशीनचा ड्रायव्हर लागतच नाही. लागतो तो कन्व्हर्टरच्या चिपचा, आणि त्या चिपा जगभर हजार कामांना वापरल्या जात असल्यामुळे त्यांचे ड्रायव्हर ताजे राहतात. सिरियलचा आग्रह मी धरतो तो ह्यासाठी.

आता सॉफ्टवेअर. आपल्या दुकानांत डिझाइन कोरलमध्ये होतं आणि कटिंगसाठी मशीनबरोबर आलेलं काहीतरी वापरतात. चिनी कटरांबरोबर आर्टकट यायचं, तेही कित्येकदा सीडी आत असल्याशिवाय न चालणारं. नव्या कॉम्प्युटरला सीडीची खाचच नसते. पैसे देऊन घ्यायची सॉफ्टवेअरं आहेत: फ्लेक्सी, साइनकट, विनाइलमास्टर, शुअर कट्स अ लॉट. पण मी आधी इंकस्केप सुचवेन. ते मोफत आहे, त्यात एक्स्टेन्शनच्या मेन्यूत ‘प्लॉट’ नावाची सोय आहे, आणि ती थेट सिरियल पोर्टवर एचपी-जीएल पाठवते. पोर्ट, वेग, हँडशेक, सगळं तिथेच भरायचं. सुरीचं टोक होल्डरच्या मध्यापासून किंचित सरकलेलं असतं, साधारण ०.२५ मिलिमीटर, तेही तिथे सांगता येतं. नाही सांगितलं तर चौकोनाचे कोपरे गोल होतात. इंककट हा आणखी एक मोफत प्रोग्राम केवळ कटरसाठी बनवलेला आहे. हे दोन्ही लिनक्सवरही चालतात. तिथे फक्त आपलं नाव ‘डायलआउट’ ह्या गटात घालायला विसरू नये, नाहीतर पोर्ट दिसूनही उघडत नाही. ग्राफटेकसारख्या मशीनवर मेन्यूत जाऊन भाषा एचपी-जीएल निवडावी लागते आणि सुरुवातीचा बिंदू शीटच्या मध्यावर धरायचा की कोपऱ्यावर हेही ठरवावं लागतं. चित्राचा अर्धा भाग शीटच्या बाहेर जात असेल तर दोष इथे असतो.

मराठी अक्षरांचं दुखणं मात्र आपल्यालाच सोसायचं आहे, परदेशातल्या कुठल्या मॅन्युअलमध्ये ते सापडणार नाही. जुन्या फाइली श्री-लिपी किंवा आयएसएमसारख्या पॅकेजच्या फॉन्टमध्ये असतात. दोन्ही पुण्याची, श्री-लिपी मॉड्युलर इन्फोटेकची, आयएसएम सी-डॅकचं. ह्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. टेबलाखालचा कॉम्प्युटर गेला आणि त्याच्याबरोबर फॉन्ट गेले की वीस वर्षांचं काम नव्या स्क्रीनवर अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग म्हणून उघडतं. म्हणून जुना कॉम्प्युटर अजून धापा टाकत का होईना चालतोय तोवर प्रत्येक कामाची फाइल उघडून, अक्षरांचे कर्व्ह करून, प्रत साठवून ठेवावी. मी तर म्हणेन, ह्या लेखातलं बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल, हे आज करावं.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपली एका रेघेला लटकलेली. ‘शिवराय’ लिहिलं की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते, काना, वेलांटी, मात्रा वेगळ्या तुकड्यांनी जोडलेल्या असतात. पडद्यावर आणि कागदावर ते एकसंध दिसतं. सुरीला मात्र प्रत्येक तुकड्याची कडा दिसते आणि ती प्रत्येक सांध्यावर कापते. सोलायला बसलं की शिरोरेषेचे तुकडे निघून येतात. त्यामुळे कापायच्या आधी सगळी अक्षरं वेल्ड करायची. इंकस्केपमध्ये ह्यालाच युनियन म्हणतात. बाह्यरेषेच्या दृश्यात जाऊन पाहायचं: आत कुठेही आडवी-उभी रेघ उरता कामा नये. त्यानंतर नको असलेले नोड कमी करायचे. त्याने अक्षर गुळगुळीत होतंच, आणि मघाच्या त्या १०२४ बाइटच्या भांड्यावरचा भारही हलका होतो.

बाकीचे मार्ग थोडक्यात. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क तशीच उचलून नव्या कॉम्प्युटरच्या पोटात व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवता येते आणि सिरियल पोर्ट आतल्या एक्सपीला जोडून देता येतं. फाइली आणि फॉन्ट वाचवायला हा मार्ग उत्तम, रोजच्या कटिंगला जरा अवघड. हार्डवेअर लॉकवर चालणारी पॅकेजं इथे अडतात. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर कटरशेजारी ठेवून त्याला नेटवर्कवरून फाइल पाठवणं हा मला आवडणारा मार्ग आहे. लॅपटॉप दुकानात कुठेही ठेवा, वायरीचा प्रश्नच मिटतो. पण त्याच्या पिनांवर ३.३ व्होल्ट असतात आणि सिरियलवर त्याहून पुष्कळ जास्त, उणे व्होल्टसुद्धा. मध्ये मॅक्स-३२३२ चिपचं छोटं बोर्ड नसेल तर पाय जळतो. नाहीतर त्यालाही यूएसबी कन्व्हर्टरच लावावा. मशीनचा मूळ बोर्ड काढून नवा कंट्रोलर बसवणारेही आहेत. बोर्ड खरोखर जळला असेल तरच त्या फंदात पडावं.

जी मशीनं ह्या आढाव्यात बसत नाहीत त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. घरगुती कटरांत अमेरिकेच्या क्रिकटचं नाव मोठं आहे. तिची सुरुवातीची मशीनं कार्ट्रिजवर चालायची. बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून ती चालवण्याची सोय काही प्रोग्रामांनी केली होती, ती कोर्टकज्जांनंतर काढावी लागली. कंपनीचं क्रिकट क्राफ्ट रूम हे सॉफ्टवेअर २०१८ साली बंद झालं. मार्च २०२१ मध्ये, वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला वीसच चित्रं चढवता येतील असं कंपनीने जाहीर केलं आणि ग्राहक खवळल्यावर ते मागे घेतलं. चांगली, सुबक मशीनं आहेत ती. पण १९९०च्या आसपासचा एखादा कॅम-वन आज नोटपॅडमधल्या चार ओळींवर कापतो आणि त्याच्याहून पंधरा-वीस वर्षं तरुण मशीन कंपनीच्या दयेवर बसून राहतं, हे बघितलं की मशीन विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न कोणता ते कळतं: ह्याला उघडी भाषा कळते का?

नवं मशीन घ्यायला काय हरकत आहे, असं कुणी विचारेल. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं. पण रेडियमच्या धंद्याचा पाया आता पूर्वीसारखा भक्कम नाही. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट येते, पुढे महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली, आणि नंबर प्लेटचं रोजचं काम हातातून गेलं. मोठ्या पाट्या फ्लेक्सने आधीच नेल्या. उरलं ते काचेवरचं, टाकीवरचं, टी-शर्टच्या हीट ट्रान्सफरचं काम. त्या कमाईत हप्ता बसवायचा की काही शे रुपयांचा कन्व्हर्टर आणि एक नीट बनवलेली वायर घ्यायची, हा हिशोब साधा आहे.

भंगारात गेलेल्या त्या मशीननंतर साधारण वर्षभराने दुसऱ्या एका दुकानातून मला बोलावणं आलं. तिथला कटर तीन महिने कापडाखाली झाकून ठेवलेला. मशीन ओढून मागचं २५ पिनांचं तोंड शोधलं, मॅन्युअल नव्हतं म्हणून मेन्यूतून वेग आणि हँडशेक पाहून कागदावर लिहून घेतले, घरी बनवलेली वायर लावली. पिना जोडून कन्व्हर्टर आधीच तपासला होता. टर्मिनल उघडून ‘ओआय’ आणि अर्धविराम एवढंच पाठवलं. ही आज्ञा मशीनला स्वतःचं नाव विचारते; सगळीच मशीनं उत्तर देतात असं नाही. ह्याने दिलं. काळ्या खिडकीत मॉडेलचा नंबर उमटला. दुकानाच्या मालकीणबाई मागे उभ्या होत्या, त्या वाकून बघायला लागल्या. मग आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवलेला तो १० मिलिमीटरचा चौकोन पाठवला. सुरी खाली गेली, रोलर पुढे-मागे झाला, दोन सेकंदांत थांबला. बाईंनी टेबलावरची टाचणी घेऊन लाल विनाइलचा तुकडा कोपऱ्यातून उचलला, नखावर चिकटवला आणि पट्टी लावून मोजला. बरोबर दहा भरला.